चार बोटं अंतर

मित्रांनो, मी कपडे ठेवायचं एक जुनं लाकडी कपाट आहे. पुढून बघाल तर मी पांढराशुभ्र दिसतो, कारण मला पुन्हा पुन्हा रंग फासला आहे. मागून मला कोणी बघत नाही. बघितलंत तर तुम्हाला मळमळेल.

माझा जन्म एका सुताराच्या शेडमध्ये झाला. दारं सागवानी, बाकीचं अंग साध्या लाकडाचं आणि पाठीला प्लायवूड. ज्या बाईंनी मला बनवून घेतलं त्यांची ऐपत तेवढीच होती. मला घरी पोचवल्यावर सुतार त्यांना म्हणाला, "बाई, याची पाठ भिंतीला चिकटवू नका. चार बोटं जागा सोडा. हवा खेळली पाहिजे."

बाईंनी ते मनावर घेतलं. केर काढून झाला की त्या माझ्या पाठीमागे हात घालायच्या आणि चार बोटं मोकळी जातात ना, हे बघायच्या. त्यांची मोठी मुलगीही तसंच करू लागली. तिला घरात सगळे अक्का म्हणत. अक्का शिवण शिकत होती. रिळं अडकवायला तिने माझ्या डाव्या दाराला आतून ओळीने खिळे ठोकले आणि त्यासाठी आईचे दोन सणसणीत धपाटे खाल्ले. तिचा धाकटा भाऊ दारात उभा राहून खिदळत होता. त्या काळात माझ्या पोटात धुतलेल्या, उन्हात वाळलेल्या कपड्यांचा वास असायचा. मला वाटायचं, सगळ्या कपाटांना असाच वास येतो.

पुढे अक्काचं लग्न झालं, तिने स्वतःचं शिवणकामाचं दुकान थाटलं. बाई गेल्या. मी धाकट्याच्या वाट्याला आलो. पन्नाशी आली तरी अक्का त्याला छोटूच म्हणते. छोटू मात्र चारचौघांत स्वतःला गुंतवणूकदार म्हणवून घेतो. म्हणजे त्याच्याकडे भाड्याने द्यायची दोन घरं आहेत.

त्यातल्या एका घरात वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातलं पाणी भिंतीत मुरत होतं. आतल्या खोलीत छतापासून जमिनीपर्यंत ओल, त्यावर काळी बुरशी आणि चुन्याचे पोपडे. छोटूने त्यावर रंगाचा एक हात मारला आणि रंग वाळायच्या आत मला तिथे आणलं. खांदा लावून त्याने मला भिंतीशी असं दाबलं की मागे नखसुद्धा शिरू नये.

तिथे माझी पाठ सडली. आधी गारवा लागला, मग बुरशीची लव आली, मग प्लायवूड फुगून त्याचे पापुद्रे सुटले. कसर आली. शेवटी वाळवी आली आणि तिने पायांपासून पोखरायला सुरुवात केली. वास मारू नये म्हणून छोटूने माझ्या पोटात डांबरगोळ्या टाकल्या. कुजका वास, डांबरगोळ्यांचा वास आणि ताज्या रंगाचा वास एकत्र आले की काय होतं, ते मी तुम्हाला सांगत नाही. तुम्हाला जेवायचं असेल.

त्या घरात एक शिक्षिका वडिलांना घेऊन राहायला आली. तिच्या साड्यांवर करडे ठिपके उठले. म्हातारा आडवा झाला की खोकायचा. तिने तक्रार केली तेव्हा छोटू म्हणाला, "मॅडम, तुम्ही खिडक्या उघडत नसाल." ती सोडून जाताना वर तिलाच ऐकवलं, "आमचं चांगलं कपाट खराब केलंत." मग पुन्हा रंग, भिंतीला आणि मला.

छोटूच्या साडूने तेव्हा नुकतंच भाड्याने द्यायला एक घर घेतलं होतं. तो हे सगळं बघायला आला. माझ्यासमोर खुर्ची टाकून छोटू त्याला शहाणपण शिकवू लागला.

"साडूभाऊ, गळती काढायची म्हणजे वरच्यांशी भांडण, प्लंबर, फरशी फोडा, दोन महिने घर रिकामं. कोणी सांगितलंय? एक हात रंग आणि पुढे कपाट. विषय संपला."

"आणि कोणी सरकवा म्हणालं तर?"

"आईची आठवण आहे म्हणायचं. कोणी हात लावत नाही."

दोघं पोट धरून हसले. माझ्या आत एक झुरळ होतं. त्या वेळी मला त्याची संगत बरी वाटली.

काही वर्षांनी माझा तळ खचला. छोटूने तिथे लोखंडी कपाट आणलं आणि मला साडूला भेट देऊन टाकलं. साडूच्या घरातही एक ओली भिंत होतीच. त्याने माझ्या मोडक्या पायाखाली वीट सरकवली आणि मला भिंतीशी दाबलं.

मग साडूला ते घर विकायचं झालं. गिऱ्हाईक छोटूनेच आणलं. त्याचा वाटा आधीच ठरला होता. दार उघडलं आणि माझी पाठ होती नव्हती तेवढी थरथरली. छोटूबरोबर अक्का होती.

तिने दुकान विकलं होतं. आता तिच्याच्याने मशीन चालवणं होत नव्हतं. दुकानाचे आलेले सगळे पैसे या घरात घालायचे आणि भाड्यावर म्हातारपण काढायचं, असा सल्ला तिला छोटूने दिला होता. विसार द्यायचा म्हणून ती पर्स पोटाशी धरून उभी होती.

छोटूने मला बघितलं. ओळखलं. मला वाटलं, आता तरी बोलेल. बहीण आहे. त्याने नजर खिडकीकडे वळवली आणि म्हणाला, "हवेशीर आहे की नाही, अक्का?"

अक्का माझ्यापाशी आली आणि आयुष्यभराच्या सवयीने तिने माझ्या पाठीमागे हात घातला. हात गेला नाही. तिने जोर केला तशी फुगलेली पाठ दबली. बोटं बाहेर आली ती काळी, ओली आणि बुळबुळीत.

साडू लगबगीने पुढे आला. "हात नका लावू हो. आमच्या आईची आठवण आहे ती."

अक्काने तिरमिरीत माझं डावं दार उघडलं. आतून रंग द्यायचे कष्ट कोणी घेतले नव्हते. ती बघतच राहिली.

"पाहुणे, तुमच्या आई शिवण करायच्या?"

"छे हो, ती कुठली..."

"मग हे रिळांचे खिळे कोणी ठोकले? मी ठोकलेत. धपाटे पण मीच खाल्लेत. हा उभा होता ना दात काढत, विचारा याला."

छोटूचा चेहरा पडला. "अक्का, या धंद्यात असंच चालतं गं. आणि तू कुठे इथे राहणार होतीस? राहणार भाडेकरू."

"आणि खोकणार पण तोच, नाही का?"

त्याने रुमाल पुढे केला. तिने त्याच्या रुमालाकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, आणि बोटं नव्या रंगाच्या भिंतीला पुसली. चार काळे पट्टे उमटले. पर्स तशीच पोटाशी धरून ती चालती झाली. जिना उतरताना छोटू "अक्का, अक्का" करत तिच्या मागे धावला.

दुसऱ्या दिवशी साडूने त्या पट्ट्यांवर रंग मारला. मी अजून तिथेच उभा आहे. या आठवड्यात आणखी कोणी घर बघायला येणार आहे म्हणतात.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कदाचित एखादं घर घेऊन भाड्यानेही द्याल. घेण्याआधी भिंतींना तळहात लावून बघा. वरच्या मजल्याची बेल वाजवून त्यांचं न्हाणीघर गळतं का विचारा. गळती असेल तर आधी ती काढा, भिंत वाळू द्या, मगच रंगाचा डबा उघडा. तुम्ही नाही, दुसरं कोणी राहणार असेल, तर जास्तच नीट बघा. आणि भिंतीला चिकटलेलं कपाट दिसलं तर ते सरकवा. घरमालक म्हणेल, फार जड आहे. ऐकू नका. वाळवीने मला आतून एवढं खाल्लं आहे की तुमच्यातल्या सर्वांत लहान मुलाने ढकललं तरी मी हलेन.