साच्याआधी चिमटा

आमच्या ह्यांना लेकीच्या कुठल्याही गोष्टीला नावं ठेवता येत नाहीत. लहानपणी तिने कोळसा केलेला टोस्टसुद्धा "वा, कुरकुरीत!" म्हणून संपवला होता. आता तिने मैत्रिणीबरोबर कंपनी काढली आणि पहिलं यंत्र केलं तेही बाबांसाठीच. ह्यांना काचबिंदू आहे, हात थरथरतात, औषधाचा थेंब डोळा सोडून गालावर जातो. म्हणून डोळ्यावर टेकवायची एक वाटी, तिच्यात बाटली अडकवायची आणि दाबायची. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, वर निळा बाण.

"बाबा, कसं आहे?"

"अप्रतिम!"

झालं. पोरगी हुरळली. सोमवारी कारखान्यात त्याचा पोलादी साचा करायला टाकायचं ठरलं. कंपनीचं होतं-नव्हतं ते सगळं त्यात जाणार होतं, आणि एकदा पोलाद कापलं की फेरफार नाही.

आणि इकडे सकाळ-संध्याकाळ थेंब कोण घालत होतं? मी! यंत्र कपाटात, मोज्यांखाली. वर मलाच दम, "तिला सांगू नकोस हं, हिरमुसेल."

शनिवारी माझं डोकं फिरलं. "अहो, कंपनी बुडाल्यावर काय नाचणार आहे का ती?" म्हटलं, आणि लेकीला फोन करून मोज्यांसकट सगळं सांगून टाकलं.

आली तेव्हा तिचा चेहरा एवढासा झाला होता. तिने मोज्यांखालून यंत्र काढलं. मग म्हणाली, "चूक माझीच, आई. इतकी देखणी वस्तू हातात दिल्यावर वाईट कोण बोलेल?"

तिने शॅम्पूच्या बाटलीचं झाकण, माती आणि चिकटपट्टी घेऊन एक भयंकर ध्यान तयार केलं. बाटलीत औषधाऐवजी डोळे धुवायचं सलाइन भरलं. "बाबा, हे भंगार आहे. मनसोक्त शिव्या घाला."

हे आधी अवघडले. मग सुटलेच. "चष्मा काढल्यावर तुझा तो बाण दिसतो कुणाला? आणि चिमटीत दाबायचं म्हणजे बोटं आणखी थरथरतात!" थांबेचनात. लेक खूश! तिने लगेच साचेवाल्याला फोन करून सोमवार रद्द केला. बाणाऐवजी बोटाला लागेल असा उंचवटा आला. मुठीत धरून दाबायला दोरीवरचा कपड्यांचा चिमटा आला. माझ्या जेवणाच्या टेबलाचा पार उकिरडा झाला.

रविवारी दुपारी ह्यांनी मान मागे टाकली आणि मूठ दाबली. थेंब थेट डोळ्यात.

"कसं आहे, बाबा?"

ह्यांनी पापण्या मिटल्या-उघडल्या, विचार केला. "ठीक आहे."

पोरगी गळ्यात पडून रडायलाच लागली. अप्रतिमला कधी रडली नव्हती.

संध्याकाळी औषधाची वेळ झाली. सवयीने मी हात धुऊन आले, तर चिमटा ह्यांच्या मुठीत.

"तू बस," हे म्हणाले.

मला इतका आनंद झाला, पण बसायचं कुठे तेच कळेना. इतकी वर्षं त्या वेळी मी उभीच असायचे.