नेस्टरच्या पाण्याचं वजन

मी एक जुना वजनकाटा आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या माळावर, बंद पडलेल्या धान्यकोठाराच्या दारात जमिनीत बसलेला. पाठ लाकडी फळ्यांची, खाली लोखंडी सांगाडा, आणि आत खिडकीपाशी माझी तबकडी. मी आगगाडीने आलो तेव्हा सारं गाव बघायला लोटलं होतं, मित्रांनो!

सुगीत माझ्यापुढे गव्हाच्या ट्रकांची रांग लागे. भरलेला ट्रक तोलायचा, गहू ओतायचा, मग रिकामा तोलायचा. कधी एखादी बाई हळूच माझ्यावर उभी राही आणि काट्यावरचा लॉइड मुद्दाम ओरडे, "पोतं उतरवा रे ते!" काय हसत सगळे! पुढे आगगाडी बंद झाली, कोठाराला कुलूप लागलं. माझ्या फटींतून गवत वाढलं. एकटा लॉइड मात्र येऊन मला तेल घालतो.

एके दिवशी नेस्टर बाबिय आपला ट्रक आणि मागे कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, जोडून आला. शेत विकलं होतं. बायको ओलेनाला घेऊन तो कायमचा डोंगरापलीकडे, मुलीकडे निघाला होता. कॅम्पर अजून रिकामा होता.

"रिकामं वजन कळलं की झालं," तो म्हणाला. "बाकीचं मी मनात मिळवतो. जन्मभर हेच केलंय."

"गहू मिळवत होतास, संसार नव्हे," ओलेना म्हणाली. "उद्या भरून आण."

"शहाणपण शिकवू नकोस," म्हणत तो गेला. पण सकाळी सामान भरून आला.

माझी तबकडी बघून लॉइडचा चेहराच उतरला. "नेस्टर, तुझ्या ट्रकला हे झेपणार नाही. घाट उतरताना ब्रेक गेले तर दोघंही जाल."

ओलेना लोणच्याच्या बरण्या उतरवू लागली. तेवढ्यात लॉइडने खाली वाकून कॅम्परची पाण्याची टाकी ठोकली. "ही काठोकाठ का? वाटेत पाणी मिळत नाही?"

नेस्टरने टाकीवर हात ठेवला. मग म्हणाला, "आमच्या विहिरीचं आहे. बापाने खणलेली. तिकडच्या पाण्याच्या चहाला चव येणार नाही."

"आणि मला म्हणालास, टाकी धुवायला भरलीय!" ओलेनाचे डोळे भरून आले. "अरे म्हाताऱ्या, चहा प्यायला आपण पोचलो तर पाहिजे ना?"

नेस्टरने स्वतःच तोटी सोडली. ते पाणी माझ्या फळ्यांवरून वाहत खाली मुरलं. मला फार वाईट वाटलं, पण खोटं वजन मला दाखवता येत नाही. ओलेनाने लगबगीने एका बरणीतल्या काकड्या लॉइडच्या डब्यात ओतल्या, बरणी विसळली आणि धारेखाली धरली. टाकी रिकामी झाल्यावर लॉइडने पुन्हा तोललं. आता ठीक होतं.

पुढे लॉइड तेल घालताना मला सांगत होता, "नेस्टरचा फोन आला होता. सुखरूप पोचले. पहिला चहा त्याच बरणीतल्या पाण्याचा केला. लोणच्याचा वास मारत होता म्हणे, तरी पठ्ठ्या दोन कप प्यायला!"

मित्रांनो, लांब निघाल तेव्हा भरलेली गाडी तोला, मनातल्या हिशेबावर जाऊ नका. आणि माझ्यासारखा जुना काटा दिसला तर त्याला थोडं तेल घाला, अंगावरचं गवत उपटा. फक्त माझ्या कडेला, जिथे ते पाणी मुरलं, तिथे एक हिरवा झुबका उगवलाय. लॉइड तो उपटत नाही. तुम्हीही राहू द्या.