भलतंच फ्लायव्हील

लेथवाला टर्नर गॅरेजमध्ये शिरला तोच धापा टाकत. पोत्यात गुंडाळलेलं एक जड धूड त्याने बाकावर टेकवलं, पोतं बाजूला सारलं आणि म्हणाला, "वहिनी, तुमचं फ्लायव्हील माझ्याकडेच राहिलंय."

"उन्हात डोकं फिरलं की काय तुमचं?" मिस्त्रीण हसली. अख्खी गल्ली तिला मिस्त्रीणच म्हणायची. नवऱ्याला गाड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, गॅरेज तिचं होतं. "काल तुम्हीच तर हातात दिलंत. बसवलं, वर नवा क्लच चढवला, सकाळी गाडी गेलीसुद्धा."

"तेच सांगतोय. भलतंच दिलं मी." टर्नर म्हणाला. "त्याच मॉडेलचं दुसऱ्या कुणाचं आलं होतं, पार जळलेलं. लेथवर घासत गेलो, तर तडे संपेचनात, आत आतच चाललेले. मोडीत घालायचं म्हणून बाजूला ठेवलं. आणि काल फोनवर बोलता बोलता तेच उचलून तुमच्या हातात..."

मिस्त्रीण हसायची थांबली. काल बसवलेलं ते वरून आरशासारखं चकाकत होतं. केसाएवढ्या तड्यांकडे घाईत तिचंही लक्ष गेलं नव्हतं.

गाडी तिच्या नणंदेची होती. नणंद मोठी, तोंडाने फटकळ. "क्लच बदल आणि गाडी दे. त्या चकतीला कशाला हात लावतेस?" असं तिने दहादा बजावलं होतं. मिस्त्रीण हटून बसली. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाला घट्ट बसलेली ही लोखंडी चकती, तिलाच क्लच चिकटतो. जुन्या क्लचने ती भाजून जागोजागी निळी पडली होती. ती लेथवर घासून सपाट केल्याशिवाय नवा क्लच बसवायचा म्हणजे तोही महिन्या-दोन महिन्यांत हादरे द्यायला लागणार. त्यात एक दिवस मोडला. नणंद इतकी भडकली की सकाळी चावी उचलली, आईला मागच्या सीटवर बसवलं आणि एक शब्द न बोलता डोंगरावरच्या मावशीकडे निघाली.

तिचं ऐकलं असतं तर गाडी थोडी थरथरली असती, एवढंच.

चढावर खालच्या गिअरमध्ये इंजिन किंचाळतं, तेव्हा ती चकती गरागरा फिरत असते. तडा गेलेली चकती फुटली तर तुकडे पत्रा फाडून थेट चालवणाऱ्याच्या पायाशी येतात. अशी एक गाडी तिने शिकाऊ असताना पाहिली होती. तळाचा पत्रा डबा फोडावा तसा उचकटलेला. चालवणाऱ्याच्या सीटकडे बघायची तिची हिंमत झाली नव्हती.

तिने फोन लावला. नणंदेने कापला. परत लावला, परत कापला. सासूबाईंकडे फोन नव्हताच.

"टेम्पो काढा," ती टर्नरला म्हणाली.

गाव मागे पडलं, चढ लागला, तरी ती वेड्यासारखी तोच नंबर दाबत होती. शेवटी टर्नरनेच आपला फोन पुढे केला. "यावरून लावा. हा नंबर त्यांना माहीत नाही."

पलीकडून इंजिनाची घरघर आधी ऐकू आली, मग आवाज. "हॅलो, कोण?"

"ताई, मी आहे. फोन ठेवू नका."

"आता लोकांच्या फोनवरून का? हे बघा मिस्त्रीणबाई, मी चढावर आहे—"

"रेसवरचा पाय काढा. आधी पाय काढा!"

"मागे ट्रक आहे!"

"असू दे. वाजवू दे त्याला हॉर्न. गाडी कडेला घ्या, चावी बंद करा, आईंना घेऊन लांब उभ्या राहा."

"अगं पण झालंय काय?"

"चुकीची चकती बसलीय. तडा गेलेली. फुटेल ती, ताई, तुमच्या पायाशी फुटेल."

पलीकडे फोन स्पीकरवर होता. मागच्या सीटवरून सासूबाईंचा आवाज आला. "ती रडतेय गं. ती कधी रडते का? थांबव आधी गाडी."

आपण रडतोय हे मिस्त्रिणीला तेव्हा कळलं. पाठोपाठ लांबलचक हॉर्न वाजला, धाडकन काहीतरी आदळलं आणि फोन बंद पडला.

त्यानंतर फोन लागलाच नाही. टर्नर पुढे वाकून टेम्पो हाकत होता. प्रत्येक वळणावर ती धूर शोधत होती, गर्दी शोधत होती. एका वळणावर माणसं जमलेली दिसली आणि तिने डोळेच मिटून घेतले. "ट्रकचा टायर बसलाय," टर्नर पुटपुटला. "ट्रकचा आहे, वहिनी."

आणखी वर गेल्यावर गाडी दिसली. तिरकी, कडेला लावलेली. सासूबाई कठड्यावर मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. नणंद रस्त्यात अनवाणी उभी होती. चपला आणि चार्जिंग संपलेला फोन गाडीतच राहिले होते आणि ते काढायला ती जवळ जायला तयार नव्हती.

"आवाज कसला झाला?" मिस्त्रिणीने टेम्पो थांबायच्या आत विचारलं.

"आईने दार आपटलं. आयुष्यात कधी हळू लावलंय का तिने दार?" बोलता बोलता नणंदेचा आवाज चिरकला.

टोचन करून गाडी गॅरेजवर आणली. मिस्त्रिणीने गिअरबॉक्स उतरवला, क्लच सोडवला. तडा आता नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, कडेपासून निघून बोल्टच्या भोकाला टेकलेला. नणंदेने त्यावर नख फिरवलं. नख अडकलं. स्टूल ओढून तिथेच बसली, घरी जा म्हटलं तरी हलली नाही.

योग्य फ्लायव्हील बसवण्याआधी मिस्त्रिणीने ते टांगून पान्याने वाजवलं. घंटेसारखं खणखणलं, म्हणजे आत तडा नव्हता. तिने परत वाजवलं, टर्नरलाही वाजवायला लावलं. बोल्ट आवळून झाल्यावर एकेक बोल्ट तिने दोनदा तपासला.

सगळं जोडून झालं. "आता सगळे बाहेर व्हा," ती म्हणाली. "रेस मी एकटी देणार."

सासूबाई आणि टर्नर रस्त्यापलीकडे गेले. नणंद मात्र दुसरं दार उघडून शेजारी येऊन बसली.

"ताई, उतरा."

"नाही उतरत. उद्या मलाच चालवायचीय ना ही?"

इंजिन सुरू झालं. मिस्त्रिणीने पाय रेसवर ठेवला, पण तो खाली जाईना.

"दाब," नणंद म्हणाली.

तिने दाबला. आवाज चढत गेला, एकसारखा, कुठे खडखड नाही, थरथर नाही. तिने अजून दाबला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारी पाहिलं. नणंदेने दोन्ही पाय सीटवर ओढून घेतले होते आणि गुडघे घट्ट कवटाळून ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.