दुसऱ्या टोकाची पाटी

स्वस्थ बसणं मला कधी जमलं नाही, मित्रांनो. आत्ताही तुमच्याशी बोलताना माझी पानं खडखडताहेत. वारा नाही, कुणी हलवत नाही, तरी खडखडताहेत. तेव्हा बोलण्यात काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. माझं आयुष्य ऐकण्याजोगं आहे की नाही, याचीच मला शंका आहे.

मी पोहण्याच्या लांब शर्यतीत फेऱ्या दाखवणारी पाटी आहे. काळं प्लॅस्टिक, त्यावर पांढरे अंक आणि धरायला लांब दांडा. मला पुस्तकासारखी पानं आहेत, पण माझ्या पुस्तकात अक्षर एकही नाही. डाव्या बाजूला दशकाचे अंक, उजव्या बाजूला एककाचे. आणि एककातही फक्त विषम. एक, तीन, पाच, सात, नऊ. असं का, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. शर्यत जिथे सुरू होते त्या टोकाला मी नसते. मी असते दुसऱ्या टोकाला आणि तिथे विषम फेऱ्याच संपतात. दोन, चार, सहा यांची आणि माझी उभ्या जन्मात गाठ पडली नाही. दोन्ही बाजूंना अगदी शेवटी एकेक नारिंगी पान आहे. ती दोन पानं उघडली की पोहणाऱ्या मुलीने समजायचं : आता एकच फेरी उरली, असेल नसेल ती ताकद लाव.

एका कारखान्यात मी तयार झाले. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते एल्म रिव्हर कॉलेज. शिकागोच्या पश्चिमेला, मक्याच्या शेतांच्या कडेला हे लहानसं कॉलेज आहे. तिथल्या मुलींच्या संघासाठी मला आणलं. पहिली काही वर्षं माझे फार लाड झाले. सराव संपला की मला पुसायचे, खुंटीवर टांगायचे. एकदा एक मुलगी शर्यत जिंकून आली आणि तिने चक्क माझा मुका घेतला! ओल्या ओठांचा, क्लोरीनच्या वासाचा. मी लाजले असते, पण काळ्या पाटीचं लाजणं कुणाला दिसणार?

पुढे बॅटरीवर चालणाऱ्या पाट्या आल्या. बटण दाबलं की अंक उजळतो. मग मला खुंटीवरून काढून एका पेटीत टाकलं. वर ओले टॉवेल, खाली पोहण्याचे फुटके चष्मे. पानं अडकवलेली लोखंडी सळई गंजू लागली. पेटीवर कुणी बसलं तरी मी खडखडायचे. मला वाटायचं, बोलावणं आलं. बोलावणं काही यायचं नाही.

ते आलं या फेब्रुवारीत.

कॉलेजांच्या मुलींची अजिंक्यपद स्पर्धा होती. सात कॉलेजं, चार दिवस. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत इतकं ऊबदार की प्रेक्षक कोट मांडीवर घेऊन घाम पुसत बसलेले. मित्रांनो, पोहणाऱ्या मुलींची एक गंमत सांगते. मोठ्या स्पर्धेआधी त्यांचा सराव मुद्दाम कमी करतात, म्हणजे अंगात ताकद साठावी. पण ही साठलेली ताकद त्यांना सुखाने बसू देत नाही. कुणी बाकावर बसून पाय नाचवते, कुणी पाच मिनिटांत तीनदा टोपी बदलते, कुणी उगाच भांडण उकरून काढते. सात संघांच्या मुली अशा एका छताखाली! एका संघाच्या मुली पाय आपटून घोषणा द्यायच्या, दुसऱ्या शिट्ट्या मारायच्या. आमच्या मुली मोजक्याच. दुसऱ्याच दिवशी त्यांचे घसे बसले होते.

आमचा संघ वर्षानुवर्षं शेवटून पहिला किंवा दुसरा यायचा. या वर्षी मात्र काय झालं कोण जाणे, चौथ्या दिवशी सकाळी फलकावर आम्ही चौथे होतो. मेरीडेल कॉलेज आमच्या टाचेला लागून पाचवं. उरले होते मैलाची शर्यत आणि शेवटची रिले. रिलेत मेरीडेल आमच्याहून सरस, हे सगळ्यांना ठाऊक होतं. टिकायचं तर मैलातच त्यांच्यापुढे राहायला हवं होतं.

त्याच सकाळी आमची बॅटरीची पाटी फरशीवर पडून फुटली. प्रशिक्षकबाईंनी पेटी उपसली आणि मला वर काढून चारुताच्या हातात दिलं.

चारुता शिकागोजवळच्या नेपरव्हिलची. कॉलेजचं शेवटचं वर्ष. मैत्रिणी तिला नुसतं 'चार' म्हणतात. ती स्वतः मैल पोहायची. चार वर्षं पहाटे उठून पोहली होती. पण स्पर्धेत प्रत्येक संघाला ठरावीकच मुली उतरवता येतात आणि शेवटची जागा थोडक्यात टेसला मिळाली. टेस पहिल्या वर्षाची, ठिपक्याठिपक्यांच्या चेहऱ्याची. मैल पोहणाऱ्या मुलीने आपली पाटी कोण धरणार हे स्वतः ठरवायचं असतं. टेसने चारुतालाच विचारलं होतं. चारुता "शुअर" म्हणाली होती. पण हातात घेतल्यावर तिने माझी पानं इतक्या जोरात उलटली, की त्या 'शुअर'मध्ये काय काय होतं ते मला कळलं.

तिचे आईबाबा बर्फातून गाडी चालवत आले होते. कठड्यापाशी बाबांनी तिला गाठलं.

"चारू, हे काय? चार वर्षं पोहलीस आणि शेवटच्या दिवशी पाटी धरायची?"

"बाबा, इट्स अ थिंग, मानाचं काम असतं. तिने मला पिक केलंय."

"पिक केलंय म्हणे! तुझी जागा घेतली तिने."

"अहो राजीव, हळू बोला," आई म्हणाली. "मराठी असलं तरी ओरडणं सगळ्यांना कळतं."

"मी ओरडत नाहीये, रेखा. मी ड्राइव्ह करून आलोय दोन तास, हिला पोहताना बघायला."

"मग घरी जा ना, बाबा!" चारुता म्हणाली. तिचा आवाज फाटला. "मला तरी कुठे पाटी धरायला आवडतंय? पण मी टीमवर आहे की नाही? तेवढं सांगा."

बाबांनी चष्मा काढला. तो पुसला, परत घातला. चारुता मला बगलेत मारून दुसऱ्या टोकाला निघून गेली. माझी पानं तिच्या कोपराला लागत होती. मला वाटलं, मी तिला नकोशी आहे. मित्रांनो, ज्या हाताला आपण नकोसे, त्या हातात राहणं फार अवघड असतं.

संध्याकाळी मैल सुरू झाला. नाव मैलाचं असलं तरी अंतर मैलाहून थोडं कमी. पण सहासष्ट फेऱ्या म्हणजे थट्टा नव्हे. शेजारच्या लेनमध्ये मेरीडेलची उंच मुलगी होती. भोंगा वाजला, टेसने उडी मारली आणि पहिल्यांदा आमच्या टोकाला आली तेव्हाच काहीतरी बिनसलेलं दिसलं. तिच्या चष्म्यात पाणी शिरलं होतं. काढायला थांबावं तर वेळ जाणार, न काढावं तर सगळं धूसर.

चारुताला ते लगेच कळलं नाही. ती मला नेहमीसारखी पाण्यात बुडवून आकडा दाखवत राहिली. काही फेऱ्यांनंतर टेस भिंतीजवळ आली आणि तिने वळण्याआधी मान वर काढली. एका क्षणात मेरीडेलची मुलगी अंगभर पुढे गेली.

"तिला दिसत नाहीये," चारुता पुटपुटली. "ओ गॉड. तिला मी दिसतच नाहीये!"

मग तिने काय केलं ऐका. ओल्या फरशीवर ती पालथी झोपली, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि मला इतकं खाली नेलं की टेसचा चेहरा वळताना माझ्यापासून वीतभर अंतरावर यावा. मागे पडतेय असं सांगायचं असलं की ती मला आडवी फडफडवायची. वेग बरोबर असला की खालीवर. सरावात एकमेकींसाठी पाटी धरताना त्या दोघींनी हे कधी थट्टेत केलं असावं; टेसला ते समजलं. ती पुन्हा मान वर काढेना. मी इकडून तिकडे, वरून खाली नुसती थडथडत होते. सळई कुरकुरत होती. चारुताचा खांदा भरून आला होता, पण तिचा आकडा चुकत नव्हता. तिच्या बोटांत आता सकाळचा राग उरला नव्हता. तिचं सगळं लक्ष टेसच्या चेहऱ्यावर होतं.

टेस हळूहळू जवळ आली. मेरीडेलच्या मुलीच्या पायांपाशी. मग कमरेपाशी.

आणि नारिंगी पानांची वेळ आली.

उजवं पान उघडलं. डावं उघडेना. गंज, मित्रांनो! इतकी वर्षं ओल्या टॉवेलांखाली साठलेला गंज. चारुताने ओढलं. मीही आतून ओढत होते, पण पाटीच्या ओढण्याला काय बळ असणार? टेस येत होती. अर्धाच रंग दिसला तर तिला वाटेल, आणखी फेऱ्या आहेत. आणि ती ताकद राखून ठेवेल. चारुताने पानाच्या फटीत नख घातलं आणि सगळा जोर लावला. नख मुळापासून उलटलं. पान उघडलं. तसाच हात तिने पाण्यात खुपसला आणि टेसच्या डोळ्यांसमोर सगळं नारिंगी केलं.

टेसने भिंतीला अशी लाथ मारली की चारुता केसांपासून भिजून गेली.

शेवटची फेरी मला दिसली नाही. ती तर पलीकडच्या टोकाला संपते. मी ऐकली फक्त. आमच्या मुलींच्या बसलेल्या घशांतून जो आवाज निघाला, त्यावरून कळलं. टेस हातभर पुढे राहिली होती.

रिलेत मेरीडेलने आम्हाला हरवलं, अपेक्षेप्रमाणे. तरीही फलकावर चौथं नाव एल्म रिव्हरचंच राहिलं. चौथ्याला चषक नसतो, पदकही नसतं. पण टेस धावत आली, चारुताच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "चार, वी डिड इट!" 'आय' नाही म्हणाली, 'वी' म्हणाली. चारुता रडू लागली.

मग बाबा खाली आले.  तिच्या बोटाला रक्त पाहून त्यांनी खिशातला रुमाल काढला.

"दुखतंय?"

"नाही."

"खोटं बोलतेस." त्यांनी रुमाल गुंडाळला. "मी वरून मोजत होतो, चारू. मध्येच माझा आकडा चुकला. मला वाटलं तुझाच चुकला."

"मी नाही चुकत, बाबा."

"हो. दिसलं ते." रुमालाची गाठ मारत ते म्हणाले, "सकाळी तू विचारलंस ना... आहेस तू टीमवर. माझं लक्ष नव्हतं."

मग त्यांनी मला उचललं, कोटाच्या बाहीने पुसलं. एकेक पान उघडून सळई पाहिली. "ही बिजागरी कुणी सांभाळत नाही का इथे?" असं प्रशिक्षकबाईंना मराठीतच विचारलं. त्या गोंधळून हसल्या. आई म्हणाली, "अहो, त्यांना इंग्लिशमध्ये रागवा."

त्या गंजाने त्या दिवशी एका मुलीचं बोट रक्ताळलं आणि थोडं आणखी अडलं असतं तर एका संघाची सगळी मेहनत वाया गेली असती. म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. वस्तू नव्या आणा, जरूर आणा. पण जुनी ओली असेल तर पुसून ठेवा; तिची वेळ कधी येईल, हे तुम्हाला ठाऊक नसतं आणि तिलाही नसतं. आणि शर्यत पाहायला गेलात, तर एकदा दुसऱ्या टोकालाही पाहा. तिथे कुणीतरी पालथं पडून, हात पाण्यात घालून आकडा दाखवत असतं.

चारुता मे महिन्यात कॉलेजातून बाहेर पडली. मी पुन्हा खुंटीवर आहे, तेल घातलेल्या सळईची. पुढचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होईल. टेस कुणाला निवडेल, त्या मुलीला मी आवडेन की नाही, काही सांगता येत नाही. दार वाजलं की माझी पानं अजूनही हलतात.