दोन माणसांचा विषय

आमच्या विद्यापीठात कोण किती हुशार आहे हे मी ठरवते. मी स्वतः असं म्हणत नाही, कँटीनमधले लोक म्हणतात, आणि मी आत शिरले की सगळे आपापल्या चहात बघायला लागतात. माझं काम खरं तर साधं आहे. प्रत्येक प्राध्यापकाने किती पेपर लिहिले आणि जगातल्या इतरांनी आपल्या पेपरांत त्यांचा किती वेळा उल्लेख केला, हे मोजायचं आणि तक्ता करायचा. तक्ता समितीकडे जातो आणि समिती त्यावरून नेमणुका, बढत्या, मुदतवाढी ठरवते. माझा थोरला भाऊ मला मापाडी म्हणतो. दादा प्राणिशास्त्रात आहे, आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर.

पूर्वी नुसते उल्लेख मोजायचे. मग काय, हृदयरोगवाले कायम वर. त्यांच्या विषयात हजारो माणसं लिहितात आणि एकमेकांचे उल्लेख मुठीमुठीने वाटतात. गणितवाला बिचारा एका सिद्धतेपायी वर्षानुवर्षं डोकं फोडतो आणि चार उल्लेखांवर समाधान मानतो. भाषावाल्यांचं तर विचारूच नका. ते पुस्तकं लिहितात आणि पुस्तकं आमच्या यंत्राला दिसतच नाहीत. मला हे बघवेना. हत्तीच्या मापाने मुंगी मोजायची, हा कुठला न्याय? समितीशी भांडभांड भांडून मी नवी रीत आणली. ज्याचा जो विषय, त्या विषयात एका पेपरला सरासरी किती उल्लेख मिळतात ते काढायचं आणि त्याने माणसाच्या दर पेपरमागच्या आकड्याला भागायचं. उत्तर एक आलं तर माणूस त्याच्या विषयात सरासरी. वर गेलं तर उत्तम. खाली आलं तर मुदतवाढ नाही, हे शेपूट समितीने जोडलं.

समितीचे अध्यक्ष अर्थातच हृदयरोगवाले. ते म्हणाले, "बाई, विषय असे बारीक करत गेलात तर वासरात लंगडी गाय शहाणी ठरेल."

"ठरू दे की, सर," मी म्हटलं. "घोड्यांच्या शर्यतीत पळवण्यापेक्षा बरं."

लोक हसले आणि रीत मंजूर झाली. सरळ सांगते, हे सगळं करताना माझ्या डोळ्यांपुढे दादाच होता.

दादाचा विषय म्हणजे झऱ्यांच्या पाण्यातल्या गोगलगायी. तांदळाच्या दाण्याएवढ्या. या गोगलगायींवर लिहिणारी माणसं अख्ख्या जगात दोन, दादा आणि वहिनी. नवरा-बायकोला एकाच विभागात घ्यायचं नाही असा तेव्हा नियम होता. त्यामुळे दादाला नोकरी मिळाली आणि वहिनीला दादाच्या खोलीतलं खिडकीजवळचं टेबल. बिनपगारी. ती आयुष्यभर त्या टेबलाशी बसून काम करत राहिली आणि पेपरवर नावाखाली घरचा पत्ता घालत राहिली.

लग्न झाल्यावर दादाने एक नवी जात शोधली, जाड शंखाची, आणि तिला वहिनीचं नाव दिलं. दुसरी एखादी बाई लाजली असती. आमच्या वहिनीने भिंगाखाली घालून बघितलं आणि वर्षभरात पेपर लिहिला की ही जात वेगळी नाहीच, ही तीच जुनी गोगलगाय आहे, पाण्यात चुना जास्त म्हणून शंख जाड. दादाने उलट पेपर लिहिला. तिने त्याला उत्तर दिलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण भांडण छापून यायचं, तळटीपांसकट. घरात मात्र दोघं एका ताटात जेवतील इतकं गूळपीठ. दादा म्हणायचा, "दिसायला गरीब आहे गं, पण गोगलगाय अन् पोटात पाय." आणि वहिनी म्हणायची, "जी जात नाहीच तिला माझं नाव दिलंय यांनी. आता याला मान म्हणायचं की काय म्हणायचं?"

वहिनीला जाऊन आता दोन वर्षं झाली. आजारपण फार लांबलं नाही, एवढंच बरं.

ती गेल्यावर दादाने खोलीभर काचेच्या टाक्या मांडल्या. एका बाजूला साधं पाणी, एका बाजूला चुन्याचं. पातळ शंखाच्या गोगलगायींची पिल्लं चुन्याच्या पाण्यात वाढवली. ती जाड शंखाची झाली. वहिनीचं बरोबर होतं. दादाने ते लिहिलं, एकामागून एक पेपरांत लिहिलं, आणि पानापानावर तिचा उल्लेख केला. ती जात रद्द झाली असं त्यानेच जाहीर केलं. त्याबरोबर वहिनीचं नावही गेलं.

या वर्षी दादाच्या निवृत्तीचं वय झालं. त्याने दोन वर्षांची मुदतवाढ मागितली. पैशांसाठी नव्हे. ती खोली हातची गेली तर टाक्या कुठे ठेवणार, आणि खिडकीजवळचं टेबल तरी कुठे नेणार? मी निश्चिंत होते. माझीच रीत, माझाच तक्ता. दादाचे आकडे भरले, विषयाची सरासरी काढली, भागाकार केला. उत्तर एकाच्या बरंच खाली आलं.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग ओळीवर ओळ लावून बघितलं तेव्हा कळलं. विषयात माणसं दोनच. स्वतःचा उल्लेख स्वतः केला तर तो धरायचा नाही, हाही माझाच नियम. म्हणजे दादाला उल्लेख देणार ती फक्त वहिनी, आणि वहिनीला दादा. दादा लिहीत होता आणि तिला देत होता. ती परत देऊ शकत नव्हती. त्याच्या प्रत्येक पेपरने ती वर चढत होती, तिच्याबरोबर सरासरी चढत होती, आणि तो खाली जात होता. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

पळवाट होती. मयत व्यक्तींना सरासरीत धरायचं की वगळायचं, हे नियमात लिहिलेलं नव्हतं. ते मोजणाऱ्यावर सोडलं होतं. वहिनीला वगळलं की विषयात दादा एकटा उरत होता. एकट्या माणसाची तुलना स्वतःशीच होते आणि उत्तर बरोबर एक येतं. पास. एक खूण करायची, बस्स.

मी दादाला न विचारता ती करायला हवी होती. पण मी खाली गेले.

दादा टाकीतलं पाणी बदलत होता. मी सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, हात पुसले आणि विचारलं, "म्हणजे मी सरासरीच्या खाली?"

"दोन माणसांत, दादा. त्याला काही अर्थ आहे का?"

"आणि ती?"

"ती वर. बरीच वर."

"म्हणजे पहिली?"

"विषयात दोघंच आहात. दुसरं कोण येणार पहिलं?"

"तसं नव्हे. तक्त्यात छापलेलं असेल? तिचं नाव, आणि पुढे पहिला क्रमांक?"

"असेल. प्रत्येक विषयातली वरची नावं क्रमाने छापतोच आम्ही. पण मी ती ओळ काढणार आहे. म्हणून तर आले. ओळ काढली की तू एकावर येतोस, खोली राहते, टाक्या राहतात."

तो खिडकीजवळच्या टेबलाकडे बघत राहिला. त्यावर तिचं भिंग अजून होतं, रुमालात गुंडाळलेलं.

"नको काढू," तो म्हणाला.

"दादा, वेड्यासारखं करू नकोस. वहिनी असती तर तिनेच ओरडून सांगितलं असतं, काढ म्हणून."

"असती तर मी तिचं ऐकलंही नसतं. कधी ऐकलं?" तो हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. "मापाडी, इकडे बघ. इतकी वर्षं इथे बसली ती. हजेरीपटावर नाव नाही, दारावर पाटी नाही. एका गोगलगायीवर नाव होतं, ते मी माझ्या हाताने पुसलं. पुसायलाच हवं होतं, तिचं बरोबर होतं. आता हे एक राहिलंय, तेही पुसू? एका खोलीसाठी?"

मी चिडले. खूप चिडले. म्हटलं, हा कागद कोण वाचणार आहे, समिती चहा पिता पिता उलटवते, दुसऱ्या दिवशी विसरते. तो म्हणाला, "वाचू देत चहा पिता पिता." मग त्याने पाण्याची बादली उचलली आणि पुढच्या टाकीकडे गेला. दादाचं बोलणं संपलं की संपलं, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मी ओळ काढली नाही.

समितीची बैठक झाली. अध्यक्षांनी दादाच्या नावापाशी बोट ठेवलं. "सरासरीच्या खाली. दोन माणसांत दुसरे! काय बाई, वासरंसुद्धा पुरली नाहीत." लोक हसले. दादा माझा सख्खा भाऊ, हे अध्यक्षांच्या लक्षात नसावं. "मग पहिलं कोण आहे या विषयात?" त्यांनी वरची ओळ वाचली, वहिनीचं नाव, पूर्ण, मोठ्याने. "आकडा चांगला आहे की. कुठे असतात या? जागा रिकामी होतेच आहे, यांनाच का बोलावत नाही आपण?"

"त्या वारल्या, सर," मी म्हटलं.

त्यांनी बोट उचललं आणि पुढच्या नावावर ठेवलं.

मी तळमजल्यावर गेले. दादा दाराशीच उभा होता. निकाल काय लागला ते त्याने विचारलंच नाही.

"नाव वाचलं का त्यांनी?"

"वाचलं."

"मोठ्याने?"

"मोठ्याने, दादा. म्हणाले, यांनाच बोलावू या का."

त्याने मान हलवली. दोनतीनदा हलवली. मग वळून तो खिडकीजवळच्या टेबलापाशी गेला, तिची खुर्ची मागे ओढली आणि तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला, "ऐकलंस का? तुला बोलावलंय."

मी दाराबाहेरच थांबले आणि तोंडात पदर कोंबून रडले.