गोबीची धूळ आणि फुनाबोरीचा दसरा

ज्या घरात वाहन नाही त्या घरचा दसरा अळणी, असं मोरेश्वरचं ठाम मत होतं. ठाण्यात असताना दसऱ्याच्या सकाळी तो स्कूटरला अशी न्हाऊ-माखू घाली, की दमयंतीनं एकदा विचारलं होतं, "अहो, लग्नात मला तरी एवढी हळद लागली होती का?" मग कंपनीनं त्याला टोकियोला धाडलं. तिथल्या फुनाबोरी भागातल्या दोन खोल्यांत वाहन म्हणजे दमयंतीची टोपलीवाली सायकल. तिला झेंडू वाहताना मोरेश्वरला स्वतःचीच कीव येई.

सत्त्याण्णव सालचा दसरा शनिवारी आला, आणि नेमकी त्याच दिवशी ऑफिसात एक मोटारसायकल त्याच्या ताब्यात आली.

त्याची कंपनी मंगोलियाच्या वाळवंटातल्या एका आंतरराष्ट्रीय शर्यतीला गाड्यांचे सुटे भाग पुरवत असे. सोमवारी तिथले आयोजक येणार होते आणि त्यांच्यासाठी तळमजल्यावर शर्यतीच्या इतिहासाचं प्रदर्शन मांडायचं काम मोरेश्वरकडे होतं. फोटो, नकाशे, आणि मधोमध पहिल्या शर्यतीत धावलेली ही गाडी. इतिहास त्याला तोंडपाठ होता, कारण गाडीचे स्वार हिराता-सान हे त्याचे साहेबच होते आणि ऑफिसच्या प्रत्येक पार्टीत दुसऱ्या ग्लासाला गोबीचं वाळवंट सुरू होई. पहिल्या वर्षी नकाशातली नदी जागेवर नव्हती आणि नकाशात नसलेल्या दोन आडव्या आल्या. पेट्रोल दुधाच्या कॅनमधून यायचं. रस्ता विचारावा तर मेंढपाळ आधी जेवायला बसवायचे, त्यामुळे निम्मे स्वार हरले ते मटणापायी. हिराता-सान सगळ्यांच्या मागून पोचले, तेव्हा अंतिम रेषेवरचा फलक गुंडाळून झाला होता. आयोजकांनी तो त्यांच्या एकट्यासाठी पुन्हा उलगडला. पुढे शर्यत मोठी झाली, हेलिकॉप्टरं आली आणि मटण गेलं.

मोरेश्वरनं गाडीवरचं आवरण काढलं. चाकापासून टाकीपर्यंत पिवळट धुळीचा थर! ऐन दसऱ्याला, साहेबांची गाडी, आणि हा अवतार? त्यानं बाह्या सरसावल्या, गाडी मागच्या आवारात नेली आणि दोन बादल्या पाण्यात लख्ख केली. डबा घेऊन आलेल्या दमयंतीनं हँडलला कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. गाडी नव्या नवरीसारखी दिसू लागली. मोरेश्वरचा ऊर भरून आला.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"मोरेश्वर-सान, एक सांगायचं राहिलं. गाडीला फडकंही लावू नका. तिच्यावर गोबीची धूळ आहे. शर्यतीचा खरा इतिहास तोच आहे."

"हाय," मोरेश्वर जपानीत 'हो' म्हणाला. त्याच्या दुसऱ्या हातात ओलं फडकं होतं.

फोन ठेवून तो तिथंच जिन्यावर बसला. इतिहास गटारातून टोकियोच्या समुद्राकडे निघाला होता. आता साहेब आपल्याला परत ठाण्याला पाठवणार, तेही पाहुण्यांदेखत मान खाली घालायला लावून, याबद्दल त्याला शंका उरली नाही.

"अहो, धूळच ना ती?" दमयंती म्हणाली. "धुळीचा कुठं दुष्काळ पडलाय?"

रविवारी दोघांनी ऑफिसजवळच्या फुनाबोरीच्या पुलाखालून, नदीकाठची माती पिशवीत भरून आणली. ती फार काळपट निघाली. दमयंतीनं चेहऱ्याला लावायची मुलतानी माती त्यात कालवली, तरी गोबीचा रंग येईना, तेव्हा मन घट्ट करून भारतातून आणलेलं बेसन ओतलं. थर चढला, केस वाळवायच्या यंत्रानं वाळला. लांबून पाहिलं तर वाळवंट, जवळ गेलं तर भजी.

सोमवारी पाहुणे फोटो पाहू लागले आणि हिराता-सान सरळ गाडीशी गेले. वाकले. हुंगलं. पुन्हा हुंगलं. आपली चोरी दुसऱ्यानं पकडण्यापेक्षा आपणच बोललेलं बरं, म्हणून मोरेश्वरनं कमरेत वाकून हळूच सांगून टाकलं, "साहेब, मी गाडी धुतली. ही धूळ खोटी आहे. माझं चुकलं."

"धुतली? का?"

"आमच्यात वर्षातून एकदा वाहनाला आंघोळ घालून नमस्कार करतात. आपल्याला सुखरूप नेलं-आणलं म्हणून."

हिराता-सान पुढे झाले आणि टाकीवरची धूळ चिमटीत धरून चोळू लागले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "ही माती कुठली?"

"फुनाबोरीच्या पुलाखालची. वर थोडं बेसन."

"पुलाच्या अलीकडची की पलीकडची?"

"अलीकडची."

"मीही अलीकडचीच घेतली होती."

मोरेश्वर वाकलेला होता तो ताठ झाला.

"परदेशी माती देशात आणायला बंदी आहे ना! योकोहामाच्या बंदरात अधिकाऱ्यांनी माझ्यादेखत पाण्याचा फवारा सोडला. गोबी पाच मिनिटांत गेली. मी शेवटचा आलो होतो, मोरेश्वर-सान. माझ्याकडे दाखवायला धुळीशिवाय होतं काय? बेसन मात्र मला सुचलं नाही."

मोरेश्वरला हसू आवरेना आणि हसायची सोय नव्हती. पण हिराता-सान हसत नव्हते. "इतकी वर्षं मी धूळ सांभाळली," ते म्हणाले. "हिनं मला सुखरूप आणलं, आणि मी हिला साधं पाणी घातलं नाही. बादली कुठे आहे?"

पाहुण्यांना त्यांनी सगळं खरं सांगितलं. म्हातारे आयोजक बातबायर पोट धरधरून हसले. "आमच्याकडे धूळ भरपूर आहे," ते म्हणाले. "आम्ही तो फलक तुमच्यासाठी उलगडला होता, धुळीसाठी नाही." मग सगळे मागच्या आवारात गेले. हिराता-सानांनी कोट काढून स्वतःच्या हातानं गाडी धुतली. मोरेश्वरनं परवाचा झेंडू पुन्हा चढवला. बातबायरनी चहाच्या टेबलावरचं दूध मागून घेतलं आणि चाकांवर शिंपडलं, कारण त्यांच्यात प्रवासाला निघालेल्या घोड्यामागे दूध शिंपडतात.

शेवटी हिराता-सान गाडीसमोर कमरेतून वाकले. जपानी माणूस बाहेरून घरी आला की उंबऱ्यातच म्हणतो, "तादाइमा," म्हणजे मी आलो.

"तादाइमा," हिराता-सान इतक्या वर्षांनी गाडीला म्हणाले.