शेजारची खुर्ची

मी एक जुनी, बर्चच्या लाकडाची खुर्ची आहे. मित्रांनो, फिनलंडमधल्या औलू शहरातल्या एका छोट्या कंपनीत माझं आयुष्य गेलं. तिकडे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या मनगटाला एक बटण असतं. ते दाबलं की मदत येते. त्यामागचा प्रोग्राम आमच्याकडे लिहिला जाई.

मला तिथे तूइयाने आणलं. ती कामाला सगळ्यांत जुनी आणि खट. प्रोग्राम लिहिणाऱ्याने मला शेजारी ओढायचं, तिने माझ्यावर बसायचं, आणि त्याने एकेक ओळ मोठ्याने वाचून ती का लिहिली ते सांगायचं, असा तिचा नियम. सांगता आलं नाही तर ओळ खोडायची. लिहिणाऱ्यांतला एस्को फार वैतागे.

"तुझ्यापुढे वाचण्यापेक्षा दात काढून घेतलेला बरा," तो म्हणे.

"काढते की. आधी कॉफी पिऊ दे."

तेव्हा माझा मोठा मान होता. मग प्रोग्राम लिहून देणारा एआय सहायक आला. आठवड्याचं काम तासाभरात उरकू लागलं.

एकदा तूइयाने विचारलं, "एस्को, ही ओळ कशाला?"

"सहायकानेच घातली. चाचण्या पास झाल्या ना?"

"मी तुला विचारतेय."

एस्कोने मालकांकडे पाहिलं. मालक म्हणाले, "तूइया, काम अडवू नकोस." ओळ तशीच गेली. पुढच्या महिन्यात तूइयाला कामावरून काढलं. माझ्यावर ओले कोट पडू लागले. त्याचं वाईट वाटलं, पण तिचं त्याहून जास्त वाटलं.

ऑक्टोबरात तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात, म्हणजे पहाटेचा एक तास दोनदा येतो. त्या ओळीने दुसऱ्या वेळच्या हाका जुन्याच समजून गाळल्या. नेमकी तेव्हाच एस्कोची आई न्हाणीघरात पडली. तिने बटण दाबलं, हाक पोचल्याचा हिरवा दिवा लागला, म्हणून बिचारी वाट पाहत राहिली. सकाळी शेजारीण आली तेव्हा तिच्यात थोडीच धुगधुगी होती.

दुसऱ्या दिवशी एस्कोने कोट बाजूला टाकून मला ओढलं आणि तूइयाला फोन लावला.

"आई पडली, तिची हाक गाळणारी तू विचारलेली तीच ओळ निघाली. येतेस का? बाकीच्याही वाचायच्यात."

"आई कुठे आहे?"

"इस्पितळात."

"मग तू तिथे काय करतोयस? ऊठ. तिच्याजवळ जाऊन बस."

तो धावत गेला. पोचेपर्यंत आई गेली होती.

मित्रांनो, यंत्राकडून काम खुशाल करून घ्या. पण 'हे का?' असं विचारणारं माणूस शेजारून उठवू नका. एस्को आता रोज मोठ्याने वाचतो. पण तूइया परत आली नाही, माझ्यावर कुणीच बसलेलं नसतं.